माळ, वही आणि कुलूप लागलेली घरं

प्रश्न निपाणीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. अर्थशास्त्रात एम. ए. झालंय, पीएच.डी.ची तयारी चाललीय. तिनं विचारलंय ते थोडक्यात असं: "सर, तुम्ही माळकरी आहात, दिंडीत चालता, गावच्या पारायणात वीणा घेऊन उभे राहता. मग संशोधनाला बसताना ही श्रद्धा कुठं ठेवता? विचारण्याचं कारण म्हणजे माझी आई विड्या वळते. मला विडी कामगार बायकांवरच काम करायचंय. पण विषय तुझ्या फार जवळचा आहे, तू तटस्थ राहू शकणार नाहीस, असं मला सांगितलं गेलं. तुमची घडण कशी झाली आणि तुम्ही काम कसं करता, ते सांगाल का?"

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासूनच सुरू होतं, त्यामुळे लांबेल. निवांत वाच.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाला लागून. पाऊस इतका की चार महिने घोंगडं वाळत नाही. भात हेच पीक. आजोबा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, कष्ट आमचे, आणि सुगी झाली की खंडाची पोती मालकाच्या दारात नेऊन टाकायची. १९७४ साली कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क सांगता येऊ लागला. त्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरून भूसुधारणा न्यायमंडळापुढं जावं लागे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडील चौथी शिकलेले, तेही मराठी शाळेत. फॉर्म कन्नडमध्ये. शेजारच्या गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांनी तो भरून दिला, एक पैसा घेतला नाही. सीमाभागाबद्दल बाहेर जे बोललं जातं ते ऐकताना मला हे मास्तर नेहमी आठवतात.

खंडाची पावती मालकानं कधीच दिली नव्हती. आमच्याकडं होती ती फक्त वडिलांची वही. कापडी पुठ्ठ्याची, तेलकट हातांनी काळवंडलेली. कोणत्या साली किती पोती घातली, कुणाच्या गाडीतून नेली, मालकाच्या घरी मोजून कुणी घेतली, सगळं तारखेनिशी. एका वर्षी भातावर करपा पडला होता आणि खंड अर्धाच गेला होता. तेही त्यात लिहिलेलं. सुनावणीच्या आदल्या रात्री गावातल्या एका जाणत्यानं सांगितलं, "ते पान फाड. खंड थकवला म्हणून उलटं तुझ्यावरच येईल." वडील काही बोलले नाहीत. वही फडक्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी तशीच्या तशी पुढं ठेवली. साक्षीदार होते, शेजारी बोलले, दोन एकर नावावर झाले. ते पान का फाडलं नाही म्हणून मी पुढं कितीदा तरी विचारलं. उत्तर एवढंच असायचं: "एक पान फाडल्यावर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?"

वडिलांकडं दुसरी एक वही होती, दिंडीची. आमची दिंडी माघीची. आषाढात आमच्याकडं रोप लावणीची घाई, कुणाला हलता येत नाही. मळणी होऊन धान्य घरात आलं की माघात माणूस मोकळा होतो, म्हणून आमच्या बाजूच्या पुष्कळ शेतकऱ्यांची वारी माघाची. दिंडीच्या वहीत चालणाऱ्या प्रत्येकाचं नाव असे, म्हाताऱ्या बायकांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की कंदिलाच्या उजेडात वडील नावं वाचायचे, ज्यानं त्यानं "माउली" म्हणून ओ द्यायची. एक ओ जरी कमी आली तरी पंगत बसत नसे. कुणाचा पाय सुजलेला असे, कुणी मागच्या गावात झाडाखाली टेकलेलं असे. दोघं तिघं बॅटरी घेऊन मागं चालत जायचे. भुकेनं कळवळून मी एकदा रडलो होतो, "सगळे तर आलेत की, एकटीच राहिलीय." वडिलांनी वहीतल्या त्या नावावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून बसले. म्हातारी आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

माझी श्रद्धा म्हणजे बरीचशी हीच आठवण. तत्त्वज्ञान पुढं वाचलं.

पुढं धारवाडला कर्नाटक विद्यापीठात एम. ए. केलं. तिथं मी माळ काढून पेटीत ठेवली होती. वय तसं होतं, मार्क्स नव्यानं वाचत होतो, आणि एकादशीला उपास करणारा अर्थशास्त्रज्ञ म्हणजे दोन दगडांवर पाय, असं वाटायचं. माझा खोलीतला सोबती लिंगायत होता, रोज इष्टलिंगाची पूजा करून मगच अभ्यासाला बसायचा. एका रात्री मी त्याला छेडलं. त्यानं शांतपणे मला बसवेश्वरांचा कायक आणि दासोह समजावून सांगितला: काम हीच पूजा, आणि कामातून आलेलं आपल्या गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजाला द्यायचं. मग म्हणाला, "बाराव्या शतकात उत्पादन आणि वाटपाचा प्रश्न एका वाक्यात आणणारा माणूस तुला अर्थशास्त्राबाहेरचा वाटतो का?" मला उत्तर देता आलं नाही. माळ परत घातली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वडील गेल्यावर. पण श्रद्धाळू माणूस हिशेबात कच्चा असतो हा माझा गैरसमज मात्र त्याच रात्री गेला.

आता तुझ्या मुद्द्यावर येतो. कुठूनही न आलेला संशोधक असतो, ही समजूत आधी काढून टाक. लोकसंख्येचा सिद्धांत मांडणारा माल्थस धर्मोपदेशक होता. ॲडम स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवायचा. आपल्याकडं न्यायमूर्ती रानडे घे. शाळा कोल्हापुरात, प्रार्थना समाजाचे खांब, संतांवर मनापासून प्रेम, आणि त्याच माणसानं १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात उभं राहून सांगितलं की इंग्रजी पुस्तकांतले अर्थशास्त्राचे नियम या देशाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, इथली परिस्थिती बघून ते तपासले पाहिजेत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिलं. तेव्हा सगळे म्हणत होते, तुकडे जोडा, शेतं मोठी करा. त्यांनी विचारलं, नुसत्या आकारानं काय होतं? शेतकऱ्याकडं भांडवल आणि अवजारं किती आहेत? शेतीवर नाइलाजानं अडकून पडलेली माणसं किती आहेत? त्यांना काम देणारे उद्योग कुठं आहेत? जमिनीपासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलं त्यांच्यातून आलेल्या माणसाला हा प्रश्न दिसला, यात आश्चर्य काय? तुझ्या निपाणीत १९२५ साली त्यांची परिषद झाली होती, हेही ठाऊक असू दे. यांच्यापैकी कुणीही आपलं मूळ लपवलं नाही, आणि मूळ हेच पुरावा म्हणून पुढंही केलं नाही. तुझं काम या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे.

मी स्वतः यात कसा फसलो ते सांगतो. हा भाग जरा मोठा होईल.

बेळगाव आणि खानापूरकडच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा होते ती दरवर्षी नाही. कुठं बारा वर्षांनी, कुठं वीस, कुठं त्याहूनही जास्त. गाव वर्ष दोन वर्षं आधीपासून तयारीला लागतं. घरं पाडून नवी बांधतात, स्लॅब टाकतात, रंग काढतात. लक्ष्मी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसली की माहेरवाशिणी पोराबाळांसह येतात, पै-पाहुण्यांची रीघ लागते, प्रत्येक घरात रोज शेदोनशे पानं उठतात. पैसा बँकेतून येतो, सोसायटीतून येतो, भिशी फुटते, पिग्मी मोडतात, सोनं गहाण पडतं. बाहेरचा कुणी बघून सहज म्हणून जातो, "कर्ज काढून सण करतात, म्हणून गरीब राहतात." हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आलो होतो आणि ते मला लागायचं. म्हणून एका गावची यात्रा झाल्यावर मी अभ्यासाला घेतली, आणि आता प्रामाणिकपणे सांगतो, मनात उत्तर आधीच ठरलं होतं. यात्रा म्हणजे उधळपट्टी नव्हे, हे मला दाखवायचं होतं.

आणि तसंच दिसत गेलं. यात्रेच्या निमित्तानं झालेलं घर पुढं तीस वर्षं टिकतं. संडास, न्हाणीघर यात्रेआधीच बांधले गेलेले. पाहुण्यांत सोयरिकी जमल्या. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत पोराला कामाला लावून देणारा मामा यात्रेतच भेटलेला. मी आनंदानं लिहीत सुटलो. यात्रा ही सक्तीची बचत आहे, असं एक प्रकरणच तयार झालं.

पडताळणीला पुन्हा वह्या चाळायला बसलो तेव्हा एक गोष्ट नजरेला आली. घरांची यादी मी शिस्तीत केली होती, दर चौथं घर. पण काही घरांपुढं विद्यार्थ्यांनी "बंद" लिहून शेजारचं घर घेतलं होतं. तशी मुभा मीच दिली होती, सगळेच देतात. वीसेक घरं असावीत. सगळी साधारण एका बाजूची, गावाच्या खालच्या अंगाला.

त्या "बंद" शब्दावर माझं बोट थांबलं आणि मला कंदिलाच्या उजेडातलं वडिलांचं बोट आठवलं. हा योगायोग म्हण, संस्कार म्हण, काहीही म्हण. त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्यांनी ओ दिली नाही त्यांना सोडून मी पंगत बसवली होती.

त्या घरांचा माग काढायला पुढचे सहा महिने गेले. निम्मी कुटुंबं गोव्यात निघाली, गवंडीकामाला, मडगाव आणि फोंड्याच्या आसपास. एका घरातल्या बाईला मी बांधकामावरच भेटलो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसून तिनं हिशेब सांगितला. जमीन नाही, नवरा मजुरीला. पण गेल्या यात्रेला अख्ख्या गावात जेवून आलेले, मग आपल्या दारात पान कसं नाही मांडायचं? डोरलं आणि दोन वाट्या गहाण टाकून शेकडा तीननं पैसे काढले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन, वर्षाला छत्तीस, आणि व्याज थकून मुद्दलात धरलं तर बेचाळीसच्या वर. डोरलं सुटलं नाहीच. वर घराला लावलेल्या रंगाची उधारी. यात्रेनंतर चौथ्या महिन्यात घराला कुलूप. ती म्हणाली, "देवीवर राग न्हाई ओ सर. देवीनं कुठं सांगितलं हुतं? लोकांस्नी तोंड दाखवायचं हुतं." बोलताना तिचा हात सारखा गळ्याकडं जात होता, जिथं आता काळी पोत होती नुसती.

प्रकरण मी नव्यानं लिहिलं. ज्यांच्याकडं थोडीफार जमीन आहे, किंवा घरात एकाला तरी महिन्याचा पगार आहे, त्यांना यात्रा पेलते आणि काहींना पुढंही नेते. ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही त्यांना ती गावाबाहेर ढकलते. दोन्ही गोष्टी एकाच यात्रेच्या, एकाच आठवड्यातल्या. पहिलीच तेवढी दिसत होती, कारण ती गावात राहिली होती. शास्त्रात या चुकीला नाव आहे, तू वाचलेलंही असशील. पण वाचून माणूस ती टाळत नाही. मला ती टाळता आली नव्हती, आणि त्याचं कारण माझी श्रद्धा होती. चूक सापडली तीही श्रद्धेनंच. तुझ्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्याकडं नाही.

ते लिखाण मी आधी त्या गावच्या देवळात वाचून दाखवलं, छापायला नंतर दिलं. काही वडीलधारी उठून गेले. "माळ घालतोस आणि देवीची बदनामी करतोस?" असं तोंडावर म्हणाले. मी वाद घातला नाही. तुकोबांचं घराणं सावकारीचं होतं, दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. मग गहाण डोरल्याची गोष्ट देवळात सांगायला कसली अडचण, एवढंच बोललो. दोघांनी नंतर बाजूला घेऊन आपल्या घरचे आकडे सांगितले. ते मला आधी मिळाले नव्हते.

माळेचा एक तोटाही सांगतो, कारण तो तुलाही वेगळ्या रूपात भोगावा लागेल. घरखर्चाच्या पाहणीत दारूचा रकाना मी भरला की तो नेहमी कोरा. बेळगावच्या वडगावात, खासबागेत, मागवाल्यांच्या आळीत, कुठंही. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला दारूचा खर्च कोण सांगणार? मटणाचासुद्धा कमी करून सांगतात. माळ काढून जावं, हे मनाला पटलं नाही, आणि तो एक प्रकारचा खोटेपणाच झाला असता. म्हणून असले रकाने मी दुसऱ्याकडं सोपवले. विचारणारा कोण होता हे प्रत्येक फॉर्मवर लिहायला लागलो: बाई की पुरुष, कोणत्या भाषेत, घरात एकट्यानं की चारचौघांत. उत्तरं ताडून पाहताना हे रकाने किती उपयोगी पडतात ते तुला कळेलच. सुनेनं सासूसमोर सांगितलेलं कर्ज आणि त्याच सुनेनं नळावर घागर भरेपर्यंत सांगितलेलं कर्ज, यांत कधीकधी दुपटीचा फरक असतो.

भाषेचं तर आपल्याकडं विशेष. वडगावच्या एका पाहणीत माझ्या मराठी विद्यार्थ्यानं एका कन्नड आजींना कर्जाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ऐदु साल." ऐदु म्हणजे पाच, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं मुदतीच्या रकान्यात लिहिलं: पाच वर्षं. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. आजींच्या डोक्यावर पाच कर्जं होती, पाच वेगवेगळ्या गटांची, आणि आमच्या कागदावर त्या पाच वर्षांच्या एका कर्जात आरामात बसल्या होत्या. तेव्हापासून नियम केला: जोडी पाठवायची, एक मराठी, एक कन्नड, आणि महत्त्वाचे शब्द बोलले तसेच लिहायचे, अर्थ नंतर लावायचा. "सर्वे कशाचा? भाषेचा काय?" हा प्रश्न तर दारातच येतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथं माणसं मोजायला कुणी आलं की लोकांना संशय येतो, आणि तो साठवलेल्या अनुभवाचा संशय आहे. त्याला घाई करू नकोस. चहा घे, बस, आपण कुठल्या गावचे ते सांग.

याच सीमेचा अभ्यासाला मोठा उपयोगही आहे. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेत न्यू जर्सी आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली खाद्यगृहं ताडून पाहिली. १९९२ साली एका राज्यानं किमान वेतन वाढवलं, दुसऱ्यानं नाही. वेतन वाढलं तिथं नोकऱ्या कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. १९९४ साली ते छापलं तेव्हा मोठं वादळ उठलं होतं, आणि कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं. आता आपल्याकडं बघ. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं एक गाव आणि कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्यातलं एक गाव. माती एक, पाऊस एक, सोयरीक एक, यात्रा एक. जमिनीचा कागद म्हणजे ओढ्याच्या त्या बाजूला सातबारा, या बाजूला पहाणी; तोंडानं म्हणायला दोन्हीकडं उताराच. रेशन वेगळं, वीजदर वेगळा, पीककर्जाचे नियम वेगळे. निपाणीतून कागल तर हाकेच्या अंतरावर आहे तुला. विड्यांचा किमान दर राज्य ठरवतं. तुझ्या जागी मी असतो तर ही तुलना सोडली नसती.

कर्जाच्या बाबतीत एक बारीक सूचना, कारण विडीवाल्या बायकांकडं तुला गटांची कर्जं सापडणारच. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे असल्या छोट्या कर्जांच्या, जबरी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला, इतकं ते वाढलं होतं. बाईला व्याजदर विचारू नकोस, तिला जो सांगितला गेला तोच ती सांगेल. हातात किती आले, हप्ता किती, किती हप्ते, एवढंच विचार आणि घरी येऊन स्वतः मांड. दहा हजार, वर्षाला बारा टक्के फ्लॅट, म्हणजे अकरा हजार दोनशेचे बारा हप्ते, महिन्याला ९३३ रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत चाललेलं असताना व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर घेतलं जातं, म्हणून खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. विमा, फी आधीच कापून घेतली असेल तर आणखी वर. हे गणित त्या बाईसमोर बसून करून दाखव. तिनं तुला आपला वेळ दिलाय, तिला त्यातून काहीतरी मिळालं पाहिजे.

आता तुझ्या आईचं काम. विड्यांची मजुरी हजारावर असते, हे सगळ्यांना माहीत आहे. कागदावर तेवढंच येतं: हजाराला इतके रुपये. तू त्या घरात वाढलीस म्हणून तुला जे माहीत आहे ते कागदाला माहीत नाही. मालकाकडून आलेली पानं हजार विड्यांना पुरत नाहीत, उरलेली पानं बाई स्वतःच्या पैशानं बाजारातून आणते. ते पैसे मजुरीतून वजा व्हायला हवेत. नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढं काय होतं, त्याचे पैसे कुणाला मिळतात? रात्री पान भिजवणं, ओल्या फडक्यात ठेवणं, पत्र्याच्या मापानं कातरणं, हा वेळ कुठं मोजला जातो? आणि विडीचं तोंड दुमडायला संध्याकाळी शेजारी बसलेली शाळकरी मुलगी? रजिस्टरात नाव एकाच बाईचं असतं, हजार विड्यांत मात्र तीन चार जणांचे हात असतात. त्या हातांतले दोन तुझे होते. विषय फार जवळचा आहे असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी हे रकाने तुझ्याशिवाय कसे भरले असते, ते त्यांना विचारून बघ, पण नम्रपणे.

त्यांचा इशारा खोटा नाही, हेही लक्षात ठेव. तुला मालकाची बाजू ऐकावीशी वाटणार नाही. ऐक. वखारीत जा, सट्टेदाराकडं, म्हणजे मालक आणि बाई यांच्या मधल्या ठेकेदाराकडं, जा, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडंही जा. १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हायवेवर बसले होते, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच गावात वखारीतल्या आणि विडीवाल्या बायकांचाही लढा झाला. पीक एकच, पण शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आणि बाईचा वेगळा, आणि दोघांचाही हिशेब खरा. एकाचा मांडताना दुसऱ्याचा गाळू नकोस.

काम सुरू करण्याआधी एक कर. कोऱ्या वहीत, तारीख घालून, तुला काय सापडेल असं वाटतंय ते लिही. आणि त्याखाली लिही, काय सापडलं तर तुला वाईट वाटेल. समजा, काही बायकांना घरबसल्या हे कामच बरं वाटतं आणि ते बंद होऊ नये असं त्या सांगतात, असं निघालं तर? सिगारेट तंबाखूविरुद्धच्या कडक कायद्यांनी आरोग्य सुधारतं आणि त्याच वेळी तुझ्या आईची चूल विझते, असं निघालं तर? ते पान फाडायचं नाही. वर्षभरानं उघडून बघ आणि जे सापडलं ते शेजारी लिही.

मी स्वतः अजून एक पथ्य पाळतो. माघीला दिंडीत चालताना टिपणवही नेत नाही. बरोबरचे लोक चालता चालता कर्ज, सोयरीक, आजारपण सगळं बोलतात, आणि संशोधकाला मोह होतोच. पण ती माणसं माझ्याशी माउली म्हणून बोलत असतात, माहिती देणारा म्हणून नव्हे. त्यातलं एक अक्षरही मी कधी वापरलं नाही. तुझ्या घरात, आजोळी, आईच्या मैत्रिणींत तू जे आजवर ऐकलंस, त्यालाही हेच लाव. ते हवंच असेल तर पुन्हा जा, मी आता अभ्यासासाठी विचारतेय असं सांग, आणि नाही म्हणायची मोकळीक दे.

आईची मुलाखत सगळ्यात शेवटी घे. आधी घेतलीस तर बाकी सगळ्या बायका तुला आईसारख्याच दिसतील. आणि घरांची यादी करशील तेव्हा "बंद" लिहिलेली घरं वेगळ्या कागदावर काढून मला दाखव. विड्यांचं काम सोडून कागल एमआयडीसीत, कोल्हापुरात, पुण्यात गेलेल्या बायका त्याच कागदावर असतील. गुरुवारी दुपारी मी घरीच असतो. येताना आईला विचारून ये, परवाच्या हजाराला पानं किती कमी पडली आणि ती कितीला आणली. तिथूनच सुरुवात करू.